मायच्या घोट्याची जखम सात महिने झाले भरत नाही, शिरांचं दुखणं असू शकतं का?

वणाकाठी
९ नोव्हेंबर, रात्री ९.५०

मंडळी नमस्कार. आमचं गाव हिंगणघाट तालुक्यात. माय ५८ वर्षांची. एप्रिलमध्ये तिच्या डाव्या पायाला, आतल्या घोट्याच्या चार बोटं वर, पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाच्या झाडाचं, खुंट लागलं. साधं खरचटलं होतं. तेव्हापासून जखम आहे ती आहे. आधी रुपयाएवढी होती, आता ग्लुकोजच्या बिस्किटाएवढी झाली. दुखत फारसं नाही, पण पाणी सुटतं, संध्याकाळपर्यंत पट्टी भिजते. भोवतालची कातडी काळपट तपकिरी झाली आहे आणि हात लावला तर वाळलेल्या चामड्यासारखी लागते. रात्री खाज.

गावातल्या डॉक्टरांनी अँटिबायोटिकचे तीन कोर्स दिले, पाणी उतरायची गोळी दिली, मलमाच्या ट्यूब किती झाल्या ते मोजलंच नाही. शुगर दोनदा तपासली, नॉर्मल. बीपीची गोळी सुरू आहे.

परवा वेचणीवरून आल्यावर ती ओसरीत पाय धूत बसली होती. साडी गुडघ्यापर्यंत वर. तेव्हा पहिल्यांदा तिच्या पोटरीवरचे नसांचे वेटोळे पाहिले, करंगळीएवढे जाड. विचारलं तर म्हणे, "तू झाला तवापासून आहे ते. बाईच्या जातीले असतेच." मी ३१ वर्षांचा आहे. एकाच घरात राहतो.

त्या नसांचा आणि या जखमेचा काही संबंध असतो का? कुठं न्यावं? वेचणी अर्ध्यावर आहे, मजूर मिळून नाही राह्यले, आणि माय घरी बसायचं नाव घेत नाही.

पाटलाचा_नातू
९ नोव्हेंबर, रात्री १०.२०

आमच्या आजीले बी असंच होतं भाऊ. बिब्याचं तेल लावलं, आठ दिवसात कोरडं पडलं. दवाखान्याच्या नादी लागू नका, पैसे खाऊन घेतात अन् हाती काही लागत नाही.

सिस्टरताई
९ नोव्हेंबर, रात्री १०.४५

बिबा नको. हात जोडून सांगते, नको.

सर्जरी वॉर्डात २६ वर्षं ड्रेसिंग केलं आहे. बिबा लावून आलेले पाय इतके पाहिले की पट्टी सोडायच्या आधी ओळखता येतात. जखम राहते बाजूला आणि भोवतीची चांगली कातडी फोड येऊन सोलून निघते. शिरांच्या दुखण्यात तिथली कातडी आधीच नाजूक झालेली असते. आजींचं नशीब चांगलं होतं म्हणायचं.

वणाकाठी, तुम्ही लिहिलंय ते वाचून मला पाय डोळ्यांसमोर दिसतो आहे. आतल्या घोट्याच्या वर जखम, भोवती काळी कडक कातडी, वर फुगलेल्या शिरा, शुगर नाही. आधी संशय शिरांवरच घ्यायचा. जखमेत काही कमी नाही, वरून मलम लावून ती भरणार नाही. खालचं रक्त वर चढायला लागलं की तीच भरते. विहिरीच्या काठाला ओल राहते म्हणून कोणी काठ पुसत बसत नाही, तसं आहे हे.

मोठ्या दवाखान्यात जाईपर्यंत एवढं करा. साध्या पाण्यानं जखम धुवा, जखमेला न चिकटणारी जाळीदार पट्टी लावा. हळद, राख, पावडर काही भरू नका. सुगंधी मलमं बंद. अशा पायाला मलमाचीच अ‍ॅलर्जी होते आणि लोक ती जखम वाढली समजतात. भोवतालच्या कोरड्या कातडीला साधं खोबरेल चालतं. रात्री बाजेच्या पायथ्याकडच्या दोन पायांखाली एकेक वीट ठेवा. दुपारी जेवल्यावर अर्धा तास पाय उशांवर, छातीच्या वर जातील एवढे. लोक पाय पाटावर ठेवून खुर्चीत बसतात, त्याचा उपयोग जवळजवळ नाही.

आणि क्रेप बँडेज स्वतःहून बांधू नका. का ते उद्या सविस्तर सांगते, आत्ता नातू झोपायला बोलावतो आहे.

धानवाला
१० नोव्हेंबर, सकाळी ७.१०

आमच्या भंडाऱ्याकडं सुजलेला पाय दिसला की पहिला शब्द हत्तीपाय. घरोघरी गोळ्या वाटतात ना दरवर्षी, तेच. रक्त तपासून घ्या आधी. पण ते रात्री घ्यावं लागतं, तो जंतू रक्तात रात्रीच फिरतो. आमच्या गावात टीम रात्री दहानंतर टॉर्च घेऊन येते, कुत्रे भुंकून जीव खातात.

सर्जनचा_पेन
१० नोव्हेंबर, दुपारी २.३०

धानवाला यांनी चांगला मुद्दा काढला. नागपूर, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा सगळा पट्टा हत्तीरोगाचा जुना पट्टा आहे, त्यामुळे शंका येणं बरोबरच. पण दोन्ही आजारांचे पाय वेगवेगळे ओळखता येतात. हत्तीरोगात बहुतेकदा आधी ताप आणि जांघेत गाठ येऊन गेलेली असते, सूज पावलाच्या वरच्या भागावर आणि बोटांवरही चढते. पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी कातडीची चिमटी काढून पाहा, निघाली नाही तर हत्तीरोगाकडे झुकायचं. शिरांच्या सुजेत पाऊल सहसा सुटतं, सूज घोट्यापाशी सुरू होते, सकाळी उतरलेली असते आणि सांजेला चढते.

आता मूळ प्रश्न. हृदय रक्त खाली ढकलतं, पण पायातून वर कोण आणतं? पोटरीचे स्नायू. चालताना पोटरी आवळली की आतल्या खोल शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर सरकतं. ते परत खाली येऊ नये म्हणून शिरांमध्ये ठिकठिकाणी झडपा असतात, वरच्या दिशेनंच उघडणाऱ्या. तुमच्या विहिरीच्या पंपाला खाली फूटव्हॉल्व्ह असतो ना? तो गळायला लागला की पंप बंद करताच पाइप रिकामा होतो. इथं उलट होतं, रक्त खालीच साचतं, पण दोष तोच.

माणूस नुसता उभा असेल तर घोट्याजवळच्या शिरेत साधारण ९० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब असतो. तो सगळ्यांनाच असतो. झडपा धड असतील तर चार पावलं चालताच तो ३० च्या आसपास उतरतो. झडपा गेलेल्या असल्या की चालूनही उतरत नाही. दिवसभर, वर्षानुवर्षं तो दाब घोट्याजवळच्या कातडीवर बसतो. बारीक केशवाहिन्यांतून पाणी आणि लाल पेशी बाहेर झिरपतात, पेशींमधलं लोह कातडीत राहतं, म्हणून तो तपकिरी रंग. खाली चरबी कडक होते. मग पऱ्हाटीचं एक खुंट पुरतं.

झडपा कशानं बिघडतात, तर आईवडिलांकडून आलेला कमकुवतपणा, बाळंतपणं, वाढतं वजन, वय, आणि तासन् तास एका जागी उभं राहणं. कधी आधी खोल शिरेत गुठळी होऊन गेलेली असते आणि ती झडपा खराब करून जाते, कोणाला कळतही नाही. म्हणून कलर डॉपलर, म्हणजे शिरांतलं रक्त कुठं वाहतं ते दाखवणारी सोनोग्राफी, लागतो, आणि तो रुग्णाला उभं करून व्हायला हवा. आडवं झोपवून केलेल्या डॉपलरमध्ये उलटं वाहणारं रक्त निसटतं. खोल शिरा मोकळ्या आहेत का आणि गळती कुठून आहे, एवढे दोन प्रश्न त्यातून सुटले पाहिजेत.

पाणी उतरायची गोळी याला कामाची नाही. बीपीची गोळी अ‍ॅम्लोडिपिन असेल तर तिनंही घोटे सुजतात. मात्र ती मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

हत्तीरोगासारखीच आपल्याकडची आणखी एक गोष्ट विचारतो. घरात कोणाला सिकलसेल, म्हणजे लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार, आहे का? सिकलसेलमध्येही घोट्याजवळ हट्टी जखमा होतात. ५८ व्या वर्षी पहिल्यांदा असं होणं तसं कमी संभवतं, पण तपासणी स्वस्त आहे आणि सोबत हिमोग्लोबिनही कळेल. वेचणीतल्या बायांचं हिमोग्लोबिन पाहिलं की जखमा का भरत नाहीत याचं अर्धं उत्तर तिथंच मिळतं.

वर्ध्याजवळ सेवाग्राम आणि सावंगी दोन्हीकडे सर्जरी विभाग आहे, एवढ्यासाठी नागपूरला धावायची गरज नाही. रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा, फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला गेल्या गेल्या विचारा.

सिस्टरताई
१० नोव्हेंबर, रात्री ८.१५

डॉक्टरसाहेबांचा फूटव्हॉल्व्ह मी आता सगळ्यांना सांगणार.

बँडेजचं राहिलं होतं. लोक पट्टी पोटरीवर घट्ट बांधतात आणि घोटा मोकळा सोडतात. म्हणजे वर गाठ मारून खाली फुगा फुगवला. पट्टी पायाच्या बोटांच्या मुळापासून सुरू करायची, टाच झाकायची, घोट्याशी सगळ्यात घट्ट आणि वर जाताना दाब कमी, गुडघ्याच्या दोन बोटं खाली संपवायची. नवी पोरं शिकायला यायची तेव्हा मी त्यांना एकमेकींच्या पायाला बांधायला लावायचे आणि वॉर्डाच्या दोन चकरा मारायला सांगायचे. जिची पट्टी पायात घसरली, तिनं परत बांधायची.

पण त्याआधी पायाची नाडी तपासलीच पाहिजे. रक्त खाली नेणारी धमनी अरुंद असेल आणि वरून तुम्ही पाय आवळला, तर बोटं काळी पडतात.

खर्रा_सोडलेला
१० नोव्हेंबर, रात्री ९.००

ताई बरोबर बोलल्या. माझ्या बाबांचं हेच झालं. ४० वर्षं बिडी. पाय दुखायचा म्हणून दुकानदारानं पायावर दाब देणारे लांब मोजे दिले. दोन दिवसात अंगठा जांभळा. नंतर कळलं की रक्तच खाली पोचत नव्हतं. अंगठा गेला शेवटी. त्यांचा पाय चालताना दुखायचा, पाच मिनिटं थांबलं की बरं वाटायचं. हा फरक आम्हाला कोणी आधी सांगितला असता तर.

सर्जनचा_पेन
१० नोव्हेंबर, रात्री ९.४०

वाईट वाटलं. फरक अगदी तोच आहे. धमनीचं दुखणं चालल्यानं येतं आणि थांबल्यानं जातं, पाय गार पडतो, रात्री बाजेखाली लोंबकळत सोडला तर बरं वाटतं. शिरेचं दुखणं उभं राहून वाढतं, चालल्यानं किंवा पाय वर घेतल्यानं हलकं होतं, पाय जड होतो, रात्री पोटरीत गोळे येतात. शंका असेल तर हातातला आणि घोट्यातला बीपी मोजून भागाकार करतात. घोट्याचा आकडा हाताच्या आकड्याच्या ०.८ पट किंवा त्याहून कमी आला तर घट्ट पट्टी थांबवायची आणि आधी धमनी पाहायची.

आणखी दोन गोष्टी इथं लिहून ठेवतो, कारण धागा वर राहील. एक, एकच पाय एकाएकी सुजला, पोटरी गरम आणि दुखरी झाली, तर ती खोल शिरेतली गुठळी असू शकते. तिथं मालिश नाही, शेक नाही, त्याच दिवशी दवाखाना. छातीत दुखलं किंवा दम लागला तर क्षणभरही थांबायचं नाही. दोन, फुगलेली शीर फुटली तर रक्ताची धार लागते, माणूस घाबरून उभा राहतो किंवा खुर्चीत बसतो आणि रक्त जातच राहतं. आडवं पाडा, पाय वर उचला, स्वच्छ फडक्यानं बोटानं दाबून धरा. थांबतं. वर दोरी आवळून बांधू नका.

यवतमाळची_पुण्यात
११ नोव्हेंबर, सकाळी ११.२०

मी शाळेत शिकवते, म्हणजे उभंच राहते. दोन वर्षांपूर्वी लेसर केलं. पाय बधिर करून, गुडघ्याजवळून बारीक तार घालून ती बिघडलेली शीर आतून जाळून बंद करतात. त्याच दिवशी चालत घरी आले. मला वाटायचं की शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून. डॉक्टर म्हणाले, बहुतेक रक्त खोल शिरांतूनच जातं, ही बिघडलेली शीर उलट कामात अडथळा होती. अजूनही दुपारपर्यंत उभी राहिले की पाय सांगतो. फळ्यासमोर टाचा उचलत राहते, पोरं हसतात.

शेतातल्या बायांनी मोजे कसे घालायचे, ते मला कळत नाही. मे महिन्यात आपल्याकडं ४५-४६ अंश. उन्हानं शिरा आणखी सैल होतात आणि नेमकं तेव्हाच मोजा अंगावर ठेववत नाही.

सिस्टरताई
११ नोव्हेंबर, दुपारी १.००

खरं आहे. मी बायांना सांगते, उन्हाळ्यात सकाळी बाजेवरून उतरायच्या आधी घाला, शेतातून आल्यावर अकराला काढा, पायावर गार पाणी घाला आणि वर करून पडा. संध्याकाळच्या कामाला परत घाला. पुस्तकात दिवसभर लिहिलंय, पण अर्धा दिवस घातलेला मोजा पेटीत ठेवलेल्यापेक्षा बराच बरा. वेचणीत निदान पाय हलतो. निंदताना उकिडवं बसून तासभर सरकत राहणं जास्त वाईट. दर वीस मिनिटांनी उठा, दोन सऱ्या चालून या. मुकादम ओरडला तर ओरडू द्या.

पाटलाचा_नातू
११ नोव्हेंबर, दुपारी ३.३५

बिब्याचं मागं घेतो बाप्पा. पण मेडिकलवाला नसांच्या गोळ्या देते त्या चालतात का? आमची काकू सहा महिने खाऊन राह्यली.

सर्जनचा_पेन
११ नोव्हेंबर, सायंकाळी ६.१०

डायोस्मिनच्या असतील. सूज आणि जडपणा थोडा कमी होतो, गेलेली झडप दुरुस्त होत नाही. काकूंना डॉपलर करायला सांगा.

वणाकाठी
२० नोव्हेंबर, रात्री ९.१५

सगळ्यांचे आभार. वर्ध्याला जाऊन आलो. उभं करूनच डॉपलर केला. जांघेजवळच्या मुख्य शिरेची झडप गेलेली आहे, खोल शिरा मोकळ्या आहेत. घोट्याचा बीपी हाताएवढाच. सिकलसेल नाही, पण हिमोग्लोबिन ८.४, ते आम्हाला माहीत नव्हतं. बीपीची गोळी अ‍ॅम्लोडिपिनच होती, बदलून दिली. जखमेच्या काठाचा एवढासा तुकडा तपासायला पाठवला, जुन्या जखमेत कधी कॅन्सर होतो म्हणाले. ते ऐकून चार दिवस झोप नव्हती. रिपोर्ट साफ आला.

पायाला चार थरांची पट्टी बांधली आहे, आठवड्यातून एकदा बदलायची. कापूस, क्रेप, त्यावर दोन ताणाच्या. माय म्हणते, "बैलाच्या शिंगाले बेगड लावल्यावानी दिसते." आणि अँटिबायोटिक एकही दिलं नाही. लाली पसरली, ताप आला, घाण वास आला तरच देऊ म्हणाले.

मी विचारलं, घरी झोपवून ठेवू का? तर उलट म्हणाले, चालायला लावा, उभं ठेवू नका. आता ती सकाळी दोन तास वेचते आणि येऊन पाय वर करून पडते. पडल्या पडल्या मजुरांच्या कापसाचं वजन मीच करतो की नाही ते ओरडून विचारते.

लेसर जखम भरल्यावर करायचं की आधी, यावर दोन डॉक्टरांची दोन मतं पडली.

सर्जनचा_पेन
२० नोव्हेंबर, रात्री १०.३०

यावर इंग्लंडमध्ये ४५० रुग्णांवर झालेली एक चाचणी २०१८ मध्ये छापून आली आहे. सगळ्यांनाच दाबाच्या पट्ट्या होत्या. ज्यांची शीर लगेच बंद केली त्यांच्यातल्या निम्म्यांची जखम ५६ दिवसांत भरली, ज्यांना थांबवलं त्यांच्यातल्या निम्म्यांची ८२ दिवसांत. त्यामुळे माझं मत आधीच्या बाजूला. पण हिमोग्लोबिन आणि त्या दवाखान्यात काय सोय आहे हे पाहून समोरचा डॉक्टर ठरवेल. नंतर मोजे मात्र सुटत नाहीत.

वणाकाठी
१७ फेब्रुवारी, रात्री ८.४०

धागा वर आणतो. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात लेसर झालं. जखम आता पूर्ण बंद आहे, वर गुलाबी पातळ कातडी आली आहे. काळेपणा तसाच आहे, तो जाणार नाही असं सांगितलं. लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन १०.६ झालं.

मोज्याचं माप सकाळी सहाला घेतलं, पाय सुजायच्या आत, घोटा आणि पोटरी दोन्ही. दाबाच्या दुसऱ्या वर्गाचे, गुडघ्यापर्यंतचे, जोडी अडीच हजाराला. पहिल्या दिवशी मी आणि बायको दोघांनी मिळून चढवला, घाम फुटला. सिस्टरताईंनी निरोपातून सांगितलेली युक्ती कामी आली. मोजा टाचेपर्यंत उलटा करायचा, पावलावर प्लास्टिकची गुळगुळीत पिशवी चढवायची, टाच बसली की बोटांकडून पिशवी ओढून घ्यायची. रबरी हातमोजे घातले तर पकड येते. आता माय एकटी घालते.

नवी अडचण अशी की काल धुऊन तारेवर टाकले होते. एक बकरीनं चावून चिंध्या केला. पूर्ण जोडी परत घ्यावी लागेल का?

सिस्टरताई
१७ फेब्रुवारी, रात्री ९.०५

डावाच पाय दुखरा आहे ना? मग वाचलेला मोजा डाव्या पायाला घाला. त्यात डावा-उजवा नसतो, फक्त दोन्ही पायांचं माप सारखंच होतं का ते कागदावर पाहून घ्या. रात्री धुवायचा, पिळायचा नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचा आणि घरात सावलीत वाळत घालायचा, उन्हात ताण मरतो. सहा महिन्यांनी तसाही बदलावा लागतोच, तेव्हा जोडी घ्या.

बकरीचं पोट ठीक आहे का?

वणाकाठी
१७ फेब्रुवारी, रात्री ९.२०

बकरी ठणठणीत आहे ताई. माय बोलत नाही तिच्याशी.